कंपासपेटीतले हरभरे

१२ फेब्रुवारी २०२३, रविवार

जुनी डायरी संपली नव्हती, तरी आज नवी काढली. जुनीत डिसेंबरपासून दूधवाला आणि माझे गुडघे एवढे दोनच विषय उरले होते. निवृत्तीच्या तोंडावर माणसाने जरा बरे विषय घ्यावेत.

एकतीस मेला मी कॉलेजातून सुटते. तेहतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी झुरळाच्या पचनसंस्थेत गेली. काल प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की माझा भव्य सत्कार होणार, गौरवग्रंथ निघणार आणि त्याचं नाव असणार 'नदी सुरयांची माता'. मी म्हटलं, "सर, मावशी केलं तरी चालेल." ते हसले नाहीत. मुखपृष्ठ म्हणे छापायला गेलंय.

सुरय हा पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा, देखणा आणि अत्यंत बेअक्कल पक्षी आहे. घरटं बांधत नाही. भर उन्हाळ्यात उघड्या वाळूत टाचेएवढा खळगा करतो आणि त्यात अंडी घालून मोकळा होतो. नांदेडच्या खाली गोदावरीत वाळूचं एक बेट आहे. तिथली घरटी मी १९९३पासून दर एप्रिलमध्ये मोजते. तीस वर्षं, एकही साल चुकलेलं नाही. मुलाखतीत मी हे सांगते तेव्हा माझा आवाज आपोआप खाली येतो. शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेस प्रार्थनेच्या वेळी आणायच्या तसा.

त्यांची आठवण आली म्हणून कंपासपेटी काढून पुसली. वडील रेल्वेत गार्ड, त्यामुळे शाळा सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये झाली. सिस्टरना 'जगदेवी' म्हणता येईना, म्हणून त्यांनी रजिस्टरात मला 'जे. देवी' करून टाकलं. पेटीवर अजून तेच नाव कोरलेलं आहे. निसर्गाच्या तासाला त्या बागेत पाठवायच्या आणि वही बघून एकच वाक्य म्हणायच्या, "दिसलं ते लिही, वाटलं ते नको."

मोजणी याच पेटीने होते. पाण्यातून चालताना वही भिजते, आणि वहीत बघितलं की कुठलं घरटं झालं, कुठलं राहिलं ते विसरायला होतं. म्हणून खिशात हरभरे घ्यायचे, घरट्यागणिक एक दाणा पेटीत टाकायचा, काठावर येऊन दाणे मोजायचे. देशातल्या मोठ्या संस्था यालाच 'कार्यपद्धती' म्हणतात.

२२ फेब्रुवारी, बुधवार

पेपरात आलंय. नदीकाठाचं सुशोभीकरण होणार. कारंजं, चालायचा रस्ता, सिमेंटचा दहा फुटी सुरय, आणि माझ्या बेटावर तीन मजली पक्षी निरीक्षण मनोरा. मनोऱ्यावरून लोक पक्षी बघतील. पक्षी कुठून बघायचे हा प्रश्न नाही, कारण ते मनोऱ्याच्या पायाखाली गाडलेले असतील.

या कामासाठी नेमलेल्या समितीने मोठं मन करून एक अट ठेवलीय. बेटावर पंचवीस किंवा अधिक घरटी आढळली, तर मनोरा अन्यत्र हलवण्याचा विचार होईल. चोवीस असतील तर पक्ष्यांनी आपलं बघावं.

सोबत एका सल्लागार कंपनीचा अहवाल. घरटी : शून्य. खाली सही, आदिनाथ. नाव ओळखीचं वाटलं म्हणून फोन लावला.

"मॅडम, नमस्कार! मी औशाचा आदिनाथ. बी.एस्सी. तुमच्याकडंच केलं. तुम्ही मला सेकंड इयरला नापास केलं होतं."

"तरी सुधारला नाहीस. पाहणी कधी केलीस?"

"ऑगस्टमध्ये."

"ऑगस्टमध्ये बेट बारा फूट पाण्याखाली असतं, बाळा. घरटी होडीतून मोजलीस का बुडी मारून?"

त्याने पलीकडे कागद चाळले. मग म्हणाला, "मॅडम, वर्क ऑर्डर ऑगस्टची होती."

या मुलाचा पगार माझ्या निवृत्तिवेतनाहून जास्त आहे. पर्यावरण क्षेत्रात संधी आहेत असं मी दरवर्षी मुलांना सांगत आले, ते खोटं नव्हतं.

गेल्या वर्षीचा माझा आकडा बत्तीस. पंचवीसवर सात. मी दुपारी छान झोपले.

१९ मार्च, रविवार

धम्मप्रिया आलीय. लिंबाजीची थोरली. डेहराडूनला पीएच.डी. करते, विषय नदी सुरय आणि आधार माझी तीस वर्षांची आकडेवारी. लिंबाजी आमच्या प्रयोगशाळेचा परिचर, पाच वर्षांमागे निवृत्त झाला. बेटासमोरच्याच गावचा. नदी कुठे गुडघाभर आणि कुठे गळ्याभर हे तो झोपेत सांगेल. २०१२ साली माझे गुडघे गेले, तेव्हापासून मी काठावर छत्रीत बसते आणि पेटी घेऊन तो आत जातो. परत आला की पेटी कानाशी धरून हलवतो आणि आवाजावरून आकडा सांगतो. मग मी दाणे मोजते. एकदाही चुकलेला नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना उघड्या डोळ्यांनी झुरळाचे पाय मोजता आले नाहीत.

मुलीची आठ महिन्यांची शिष्यवृत्ती अडकलीय, पण ड्रोन आलाय. विज्ञानाची प्रगती अशी असते. आज तिने तो उडवला. दिवसभर लॅपटॉपवर फोटो बघत बसली होती.

"किती दिसली?" मी विचारलं.

"बघून राहिले, मॅडम. नीट बघून सांगते." आणि तिने झाकण मिटलं.

मला वाटतं, ड्रोनच्या आवाजाने पक्षी उठले असणार. यंत्राला हरभऱ्याची सर नाही.

२ एप्रिल, रविवार

वार्षिक मोजणी. उन्हाने छत्रीची तार तापली होती. लिंबाजीला हल्ली मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, तरी गेला. बेटाच्या पलीकडच्या टोकाला माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उभा होता. दमला असेल. पासष्टीचा झाला.

आला, पेटी हलवली, म्हणाला, "एकतीस."

मोजले. एकतीस.

धम्मप्रिया बाजूलाच उभी होती. ती बापाकडे बघत होती आणि तो नदीकडे. बहुधा घरी भांडण झालं असावं. सरजाबाई, त्याची बायको, मघाशी ताक देताना म्हणालीच होती, "एप्रिल आला की ह्यांना झोप न्हाई, बाई. इस्तवावर बसल्यागत करतेत." एवढा जीव लावून मोजणी करणारा माणूस आता कुठे मिळतो?

घरी येऊन आलेख पुरा केला. शेवटची दहा वर्षं : ४३, ४२, ४०, ३९, ३८, ३६, ३५, ३४, ३२, ३१. काय सुंदर उतार आहे! दोन वर्षांमागे माझा शोधनिबंध छापून आला तेव्हा परीक्षकाने लिहिलं होतं, "प्रत्यक्ष क्षेत्रावरून इतकी स्वच्छ आकडेवारी क्वचितच मिळते." ती ओळ मी लॅमिनेट करून घेतली आहे.

६ एप्रिल, गुरुवार

धम्मप्रिया घरी आली. चहा घेतला नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"मॅडम, ड्रोनमध्ये नऊ दिसली. तीनदा उडवला. मग मी स्वतः आत जाऊन आले. नऊच हायेत."

मी तिला शांतपणे समजावलं की अंडी वाळूच्या रंगाची असतात, नव्या माणसाला दिसत नाहीत. तिच्या वडिलांची नजर तीस वर्षांची आहे.

"त्यांना माझा चेहरा दिसत नाही, मॅडम. अंडी कशी दिसतील?"

मी म्हटलं, "आपल्या बापाबद्दल असं बोलवतं तुला?" ती उठली आणि गेली. डोळे भरले होते तिचे. आजकालची मुलं टीका सहन करत नाहीत.

१४ एप्रिल, शुक्रवार

दरवर्षी आजच्या दिवशी मी लिंबाजीकडे जेवते. गावात निळ्या पताका, स्पीकर, सरजाबाईच्या हातची खीर. मी दुसरी वाटी मागितली तेव्हा लिंबाजीने ताट बाजूला सारलं.

"बाई, एक बोलायचंय. पोरगी म्हणते, तुम्ही सांगा न्हाईतर मी सांगते."

आणि त्याने सांगितलं. जसं सांगितलं तसंच लिहिते. 'साहेब' म्हणजे आमचे हे, २०१४ साली गेले.

"साहेब गेले ते साल. जानेवारीत गेले. एप्रिलात तुम्ही येऊन काठावर बसल्या, छत्री उघडलीच न्हाई. म्या आत गेलो. वरून पाणी सोडलं होतं, निम्मं बेट धुऊन गेल्तं. बावीस घरटी. दोनदा फिरलो, बावीसच. तुमच्याकडं बघितलं. खिशात हरभरे व्हतेच."

"किती टाकलेत?"

"एकवीस."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी एकदम कसं कमी करावं? तुम्ही म्हणला असता, एका सालात निम्मी पाखरं कुठं गेली? म्हून दरसाल एक-दोन, एक-दोन उतरवत आणलं. म्हणलं, बाई रिटायर होईस्तोर खऱ्या आकड्याला गाठतो." त्याने पाण्याचा तांब्या पुढे ओढला. "गाठलं न्हाई, बाई. पाखरं माझ्याहून जोरात उतरून राहिली."

सरजाबाई पदराने भांडी पुसत होती, जी कोरडीच होती. धम्मप्रिया दारात उभी.

"लॉकडाऊनच्या वर्षी?" मी विचारलं. त्या वर्षी मी घरात होते आणि पेटी दूधवाल्याबरोबर आली होती.

"त्या साली तर आत गेलोच न्हाई. घरीच भरली."

मला हसू फुटलं. सगळे घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मला आठवलं, २०२०चा आकडा माझ्या निबंधात 'मानवी हस्तक्षेप नसलेले आदर्श वर्ष' म्हणून आला आहे. बेटावर नव्हता हे खरंच, तो सगळा सरजाबाईच्या चुलीपाशी झाला.

खीर मात्र संपवली. कॉन्व्हेंटचं वळण. ताटात टाकायचं नाही.

१७ एप्रिल, सोमवार

 निबंध काढून पुन्हा वाचला. 'संथ व सातत्यपूर्ण घट' या मथळ्याखाली चार पानं कारणमीमांसा आहे. पाऊसमान, वाळू उपसा, भटकी कुत्री, तापमान. प्रत्यक्षात तो लिंबाजीच्या लाजेचा आलेख होता. इतकी स्वच्छ लाज क्वचितच मिळते.

राग यायला हवा. आणते, पण टिकत नाही. त्या एप्रिलमधलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. फक्त घरी येऊन मी यांच्या फोटोला मोठ्याने म्हणाले होते, "त्रेचाळीस आहेत हो." जानेवारीनंतर घरात माझा आवाज तेव्हा पहिल्यांदा निघाला.

गुरुवारी समितीपुढे सुनावणी. लिंबाजी सकाळी येऊन दारातूनच म्हणाला, "एकतीसच सांगा, बाई. माझ्यासाठी नका सांगू, पाखरांसाठी सांगा. मनोरा झाला तर नऊबी न्हाई राहायचे." धम्मप्रिया म्हणाली, "तुम्ही एकतीस म्हणालात तर मी गप्प बसेन." तिचा अख्खा प्रबंध माझ्या आकड्यांवर उभा आहे, तरी असं म्हणाली.

सोपं आहे तसं. गौरवग्रंथ निघेल, बेट वाचेल, मुलगी डॉक्टर होईल, लिंबाजीला झोप येईल. एका खोट्या आकड्याने इतक्या लोकांचं भलं होताना मी पहिल्यांदाच बघतेय. आणि समोर कोण? ऑगस्टमध्ये मोजून शून्य लिहिणारा आदिनाथ. त्याच्या शून्यापुढे माझे एकतीस काय वाईट?

हाच विचार करत होते आणि एकदम चमकले. तो काठावर उभा राहून पाण्याकडे बघत शून्य लिहून आला. मी अकरा वर्षं काठावर छत्रीत बसून आकडे लिहिले. त्याला निदान वर्क ऑर्डर होती.

आणखी एक सापडलं. निबंधाच्या शेवटी आभार आहेत. कुलगुरू, प्राचार्य, ग्रंथपाल, मग 'श्री. लिंबाजी', मग झेरॉक्सवाला. अकरा वर्षं ज्याने मोजलं त्याचं आडनावसुद्धा मी लिहिलेलं नाही.

२० एप्रिल, गुरुवार

सुनावणी झाली. सभागृहात एसी बंद, बिस्किटं चालू. अध्यक्षांनी माझी ओळख 'नदी सुरयांची माता' अशी करून दिली. प्राचार्यांनी आधीच पसरवलेलं दिसतंय.

"मॅडम, आकडा?"

"नऊ."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यांनी शेजाऱ्याला पुन्हा लिहायला सांगितलं. मी पुढे म्हणाले, "२०१३पर्यंतचे आकडे बरोबर आहेत. त्यानंतरचे माझे सगळे आकडे चूक आहेत. मी बेटावर पाऊलही ठेवलं नव्हतं आणि सही केली. चूक माझी. पण म्हणजे दहा वर्षांत २०१३च्या पंचेचाळीसची नऊ झाली आहेत, हे आधी ऐका."

मागच्या रांगेतून लिंबाजी उठला. "साहेब, बाईंची चूक न्हाई, ते दाणे म्या..."

"लिंबाजी, बसा."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं नाही. उभाच राहिला.

"हे कोण?" अध्यक्ष.

"माझे सहसंशोधक," मी म्हटलं. "लिंबाजी वाघमारे."

यावर कोणी काही बोलायच्या आत गॉगल डोक्यावर सरकवून आदिनाथ उभा राहिला. घामाने भिजला होता. "सर, ऑगस्टमध्ये बेट पाण्याखाली असतंय. आमचं शून्य पण... म्हणजे ते पण बरोबर नाही, सर." नापास केलेल्या मुलाने इतक्या वर्षांनी उत्तर बरोबर दिलं. वाढीव गुण द्यायची सोय नाही याचं वाईट वाटलं.

समिती आत जाऊन चहा पिऊन आली. निर्णय असा की, पंचवीसची अट पूर्ण होत नाही, पण दोन्ही बाजूंचे आकडे अविश्वसनीय असल्याने पुढल्या हंगामात फेरमोजणी होईल आणि तोवर बेटावरचं काम थांबेल. खरं बोलल्याबद्दल नव्हे, गोंधळ घातल्याबद्दल एक वर्ष मिळालं. सिस्टर अ‍ॅग्नेसना कसं समजावू?

३१ मे, बुधवार

सुटले. भव्य सत्कार छोटा झाला. शाल, नारळ आणि प्लास्टिकचा सुरय, जो मुळात बगळा आहे. गौरवग्रंथ 'तांत्रिक कारणास्तव' पुढे गेला. एका पेपराने 'प्राध्यापिकेची कबुली' असा मथळा दिला, म्हणजे मी कुणाचा खून केला असावा. नियतकालिकाने निबंध मागे घेतल्याची दोन ओळींची ईमेल पाठवली. लॅमिनेट केलेली ओळ फाटत नाही, म्हणून तिच्यावर आता चहाचा कप ठेवते.

धम्मप्रियाने प्रबंधाचा विषय बदलला. 'मोजणीतील चुका आणि त्यांची कारणं.' म्हणाली, "मॅडम, सामग्री भरपूर हाय." वर्ष वाढलं तिचं. शिष्यवृत्ती अजून आलेली नाही.

४ एप्रिल २०२४, गुरुवार

दहा महिने ही डायरी उघडली नाही. गुडघे आणि दूधवाला पुन्हा जुन्या वहीत गेले होते. आज लिहायलाच हवं. मार्च संपला आणि मनोऱ्याचा निधी न वापरल्यामुळे परत गेला. समितीची मुदतही संपली. सिमेंटचा सुरय आधीच तयार होता, तो एका चौकात बसवलाय, वाहतुकीकडे बघत. बेट वाचलं. कोणाच्या आकड्याने नाही, तारखेने.

२१ एप्रिल २०२४, रविवार

मोजणी. कोणी मागितलेली नाही, म्हणून जास्त नीट केली.

लिंबाजीचा उजवा डोळा पार गेला, डाव्याने उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ऑपरेशनला चला म्हटलं की म्हणतो, "बघायचं होतं ते बघून झालं." आज छत्रीत तो बसला आणि पेटी घेऊन मी आत गेले. गुडघ्यांना पट्टे, हातात काठी, एका बाजूला धम्मप्रिया. पाणी गार होतं. बारा वर्षांनी तळपायाला ती वाळू लागली आणि उगीच शाळेच्या बागेतली सकाळ आठवली.

सुरय डोक्यावर ओरडत होते, डोक्यावर घाण टाकत होते. अजिबात ओळख दाखवली नाही. माता म्हणे.

दोनदा फिरले. धम्मप्रियाने वेगळं मोजलं, मी दाणे पेटीत टाकले. सात.

काठावर आले. लिंबाजीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. हडकलाय फार. सरजाबाई सांगत होती, रात्रंदिवस एकच घोकतो, माझ्या खोटेपणानं पाखरं गेली.

"किती हाईत, बाई?"

सात म्हणायलाच मी तोंड उघडलं होतं.

"अकरा," म्हणाले. "दोन वाढलीत."

धम्मप्रियाने माझ्याकडे बघितलं आणि मग काठीचं टोक पुसायला लागली.

"आणा बघू पेटी," लिंबाजी म्हणाला. द्यावी लागली. त्याने ती कानाशी धरली आणि हळू हलवली. मग थांबला. पुन्हा हलवली. 

"हाव," तो म्हणाला. "अकराच."

पेटी परत देताना त्याने माझा हात जरा वेळ धरून ठेवला. मग कितीतरी दिवसांनी हसला आणि सरजाबाईला ताक आणायला सांगितलं.

डोळ्यांबरोबर त्याचा कानही गेला म्हणायचा. वय झालं.

नोंद : सात.